न दिसलेले मांजर

एका गावात एक तांबट राहत होता, आणि त्याच्याच हातोडीने त्याला बहिरे केले होते. त्याचे नाव केरोबा. चाळीस वर्षे त्याने हंडे घडवले, घागरी घडवल्या. ठोक्याला ठोका भिडवून पत्रा घट्ट आणि चकचकीत करणे, याला तांबट लोक मठारणे म्हणतात. केरोबाने मठारलेले भांडे पंचक्रोशीत ओळखू येई. पण प्रत्येक ठोका तांब्याबरोबर त्याच्या कानांवरही पडत होता. मुलगा हेरंब पाच वर्षांचा झाला, तोवर केरोबाला ढगांचा गडगडाटही ऐकू येईनासा झाला.

तेव्हापासून केरोबा ओठांवरून बोलणे वाचू लागला. सगळ्यात नेमके वाची ते हेरंबाचे ओठ. हेरंबही बापासमोर उभे राहून, एकेक शब्द तोंडात नीट घडवून बोलायला शिकला. शाळेतली पोरे त्याला चिडवत, "काय रे, शब्द चावून खातोस की काय?" तरी हेरंब तसाच बोलत राही. त्याची शाळा त्याच हातोडीच्या कमाईवर चालली होती; मात्र ही गोष्ट त्याला बापासमोर कधी बोलता आली नाही. तुमचे कान गेले म्हणून माझे शिक्षण झाले, एवढे साधे वाक्य; पण ते जिभेवर आले की तो काहीतरी दुसरेच बोले.

पुढे हेरंब शहरात गेला आणि चित्रांना चालते-बोलते करण्याची विद्या शिकू लागला. तिला अॅनिमेशन म्हणतात. एका सेकंदासाठी चोवीस चित्रे लागतात, आणि चित्रातल्या माणसाचे ओठ प्रत्येक ध्वनीबरोबर हलवावे लागतात. शिकवणाऱ्या रेगेबाई म्हणत, "आधी ओठ हलतात, मग आवाज येतो. समोर आरसा ठेवा, वाक्य स्वतः बोला आणि आपले तोंड पाहून काढा." पहिल्या सत्रात सर्वांना एकच वाक्य मिळाले होते: "दार लोटून घे, मांजर दुधात तोंड घालील." हेरंबाने आपले ओठ आरशात पाहून ते वाक्य असे उतरवले, की बाईंनी ते वर्गाला दोनदा दाखवले.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक लघुपट करायचा होता. त्याच सुमारास केरोबाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेचे दिसेनासे झाले होते. समोरचे तेवढे दिसे. डॉक्टर म्हणाले, "उरलेली नजर दिवाळीपर्यंत टिकली तर नशीब."

हेरंबाने ठरवले, जे तोंडाने बोलता आले नाही ते चित्राकडून वदवून घ्यायचे. चित्रपटात एक म्हातारा तांबट हंडा मठारत बसेल, त्याच्या समोर त्याचा मुलगा बसेल, आणि शेवटी मुलगा म्हणेल, "आबा, तुमचे कान गेले, म्हणून माझं शिक्षण झालं." आबांची नजर आहे तोवर त्यांनी हे पाहायला हवे होते.

तो कामाला लागला. तांब्यावरची लकाकी साधायला एक महिना गेला. भट्टीचा धूर आणखी तीन आठवडे खाऊन बसला. म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा त्याने चार वेळा खोडून काढल्या. ओठांचे काम शेवटाला राहिले, आणि शेवट आला तेव्हा हातात दोन दिवस होते.

शेजारी बसणारा त्याचा मित्र चैतन्य म्हणाला, "एवढा घाम कशाला गाळतोस? पहिल्या सत्रातलं ते मांजराचं तोंड उचल आणि इथे डकव. लांबी जवळपास तेवढीच आहे. वर आवाज लावला की डोळे कानांचंच ऐकतात. कुणाच्या बापाला कळतंय!"

हेरंबाने ते तोंड उचलले आणि डकवले. वर आवाज लावून पाहिले. खरोखरच काही कळत नव्हते.

लघुपट दाखवण्याच्या दिवशी केरोबा एस.टी.ने एकटाच आला. धुतलेले धोतर, काळी टोपी, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. मुलाने काय केले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. पडद्यावर हंडा झळकला तसा तो पुढे सरकून बसला. शेवटचे वाक्य आले. बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले, रेगेबाईंनी चष्मा पुसला. लघुपटाला पहिला क्रमांक मिळाला. केरोबाही टाळ्या वाजवत होता. मात्र इतर थांबल्याचे त्याला उशिरा कळले.

हेरंब त्याला एस.टी. स्थानकावर पोहोचवायला गेला. आपला आवाज किती चढतो याचा अंदाज केरोबाला उरला नव्हता. तो बोलला तेव्हा फलाटावरच्या साऱ्यांनी वळून पाहिले.

"हंडा फार झकास काढलास रे! अगदी माझ्या हातचा! पण मला एक सांग, ते मांजर होतं कुठं?"

हेरंबाने विचारले, "कसलं मांजर, आबा?"

"अरे, तो पोरगा शेवटी म्हणाला ना, दार लोटून घे, मांजर दुधात तोंड घालील! नीट वाचलं मी. अगदी तुझ्यासारखं बोलत होता लेकाचा. त्यानंतर मागं वळून पाहिलं, तर माणसं डोळे पुसत होती. म्हणजे त्या मुक्या जिवाचं काहीतरी वाईट झालं असणार. मी सगळा पडदा धुंडाळला. मला काही मांजर दिसलं नाही."

बाकावरचे दोघे हसले. केरोबाला ते ऐकू आले नाही. तो मुलाच्या ओठांकडे पाहत उत्तराची वाट बघत होता.

खरे सांगायला तेवढा एक क्षण होता. बस अजून लागायची होती. मांजर नव्हतेच, मीच कामचुकारपणा केला, त्या पोराने खरे काय म्हणायचे होते ते आता ऐका, एवढेच सांगायचे होते. हेरंबाने काखेतले मानचिन्ह घट्ट धरले, आणि शब्द नीट घडवून, स्पष्टपणे तो म्हणाला,

"होतं, आबा. उजव्या कोपऱ्यात. चुलीपाशी."

केरोबाने डोळे चोळले. "असेल," तो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज हळू होता. "कडेचं दिसत नाही हे ठाऊक होतं. पण एवढं आख्खं मांजर गेलं, म्हणजे डोळे फारच उतरले रे."

बस लागली. चढताना त्याने पायरी पायाने दोनदा चाचपली. येताना तो असा चाचपत चढला नव्हता.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. "अरे, यांनी हातोडी माळ्यावर टाकली बघ. तुझ्या संसारासाठी म्हणून तो मोठा हंडा घडवायचा घाट घातला होता ना, तो अर्धाच मठारून ठेवलाय. मी म्हटलं, दिसतंय ना अजून? तर म्हणतात, ज्याला मांजर दिसत नाही त्याला ठोका काय दिसणार? तू तरी समजाव की त्यांना."

"येतो मी," हेरंब म्हणाला.

तो गेला नाही. त्याने आधी आरसा समोर ठेवला आणि ते वाक्य पहिल्यापासून काढायला घेतले. वीस दिवसांत ओठ असे बोलू लागले, की आवाज बंद केला तरी प्रत्येक शब्द वाचता यावा. पण ते दाखवायचे म्हणजे पहिले खोटे होते हे सांगणे आले, आणि दुसरे त्याहून मोठे खोटे स्थानकावर बोललो हेही सांगणे आले. आखाड गेला, श्रावण गेला. नोकरी लागली, रजा मिळत नाही असे तो स्वतःलाच सांगत राहिला. ते नीट घडवलेले वाक्य त्याच्या पिशवीत पडून होते.

दिवाळीला तो घरी गेला. केरोबा ओटीवर बसला होता आणि दाराकडे तोंड करून होता. हेरंब अगदी समोर जाऊन उभा राहिला, तरी तो कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखाच बसून राहिला. शेजारी तो हंडा होता. अर्ध्या अंगाला आरशासारखी झळाळी, अर्धे अंग काळवंडलेले.

आईने केरोबाच्या खांद्याला हात लावला आणि त्याचा हात धरून मुलाकडे नेला. त्याने हेरंबाचा चेहरा चाचपला, आणि तो हसला. "आलास? थांब. मी एक युक्ती काढलीय." त्याने उजव्या हाताची तीन बोटे मुलाच्या ओठांवर ठेवली. ठोक्यांनी घट्टे पडलेली ती बोटे खरखरीत होती. "हं, बोल आता. तुझ्या आईचं बोलणं कळतं मला असं, थोडंथोडं. तुझं तर लगेच कळेल."

हेरंब बोलला. मांजर नव्हते, हे त्याने सांगितले. डोळ्यांनी त्या दिवशी काहीच चुकवले नव्हते, हे सांगितले. मग जे वाक्य आयुष्यभर घशात अडकले होते, तेही सांगितले. आई दारात तोंडाला पदर लावून उभी होती. तिने सारे ऐकले.

केरोबाने कपाळाला आठ्या घातल्या. बोटे ओठांवर आणखी दाबली. मान डावीकडे कलती करून पाहिली, उजवीकडे कलती करून पाहिली.

"नीट बोल रे," तो म्हणाला. "ओठ नुसते थरथरतायत तुझे. काहीच कळत नाही."

तात्पर्य: कामात राहिलेली कसूर उद्या सुधारता येते; पण ती झाकण्यासाठी जो दुसऱ्याला त्याच्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लावतो, त्याने पुढे कितीही खरे सांगितले तरी ते वेळेवर पोहोचत नाही.