रिकाम्या खोळी

जुन्या खोगिरांच्या ढिगाऱ्यातून पिस्तुलांच्या डझनभर चामडी खोळी निघाल्या, पण पिस्तूल एकही निघालं नाही. तांबडघाटच्या गुणाजीराजांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. शिलेखान्यातल्या हत्यारांचा म्हातारा राखणदार सुभानजी याने ती पिस्तुलं दसऱ्याच्या आत हजर करावीत, नाहीतर चाकरी आणि चाकरीचं घर दोन्ही सोडून संस्थानाबाहेर चालतं व्हावं.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोरा साहेब होता. तो राजांकडे शिकारीला आला, वाघ काही त्याला दिसला नाही, मग त्याने आपल्या घरच्या हत्यारांची वर्णनं सांगून राजांचं डोकं फिरवलं. नुसती रिकामी खोळ हातात घेतली तरी आत कोणतं हत्यार होतं आणि ते कोणत्या पलटणीला दिलेलं होतं, हे म्हणे त्याला सांगता येई. दसऱ्याला तो परत येणार होता आणि राजांना त्याच्यापुढे आपल्या घराण्याची हत्यारं मांडायची होती.

मग भर दरबारात खोळी ओळखण्याचा सोहळा झाला. दिवाणांनी एक खोळ हुंगून ती फिरंगी पलटणीची असल्याचं सांगितलं. राजवैद्यांना तीत औषधाची बाटली चांगली मावेल असं वाटलं. सेनापती हैबतरावांनी लग्नातल्या आतषबाजीखेरीज कुठे बार ऐकला नव्हता, तरी त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, की या करंजखिंडीच्या लढाईतल्या, राजांच्या पणजोबांच्या स्वारांच्या खोळी. ते कोणालाच नाकारता येईना. करंजखिंडीत पणजोबांचे सगळे स्वार लढता लढता पडले, घोडी तेवढी माघारी आली, हा पोवाडा दरसाल दरबारात गायला जाई. एकही माणूस परत आला नाही तर ही हकिगत सांगितली कोणी, हे विचारायची तांबडघाटात पद्धत नव्हती.

हैबतराव तेवढ्यावर थांबले नाहीत. फौजेने दिलेलं हत्यार शिलेखान्यात परत यायलाच हवं, ते नाही म्हणजे राखणदाराच्या घराण्यानेच विकून खाल्लं, असं त्यांनी राजांच्या कानी घातलं. शिलेखान्याच्या जागेवर त्यांना स्वतःचा मेव्हणा बसवायचा होता. राजांना ते पटलं. शेवटी जो बोलेल त्याचं राजांना नेहमीच पटे.

सुभानजीने शिलेखान्याची जमीन उकरून पाहिली. हाती उंदरांची बिळं लागली. म्हाताऱ्याने अन्न टाकलं. घरात त्याची विधवा सून भिवरा होती. सासऱ्याची अवस्था पाहून तिचा जीव तुटत होता आणि राजांचा तर तिला असा राग आला होता, की भाकरी थापताना परात वाजत होती. तिने सासऱ्याला एकच गोष्ट विचारली.

“मामंजी, ह्या खोळी कमरंला बांधायच्या का घोड्याला?”

“घोड्याला. खोगिराच्या म्होरल्या अंगाला.”

“मग जेवा निवांत,” भिवरा म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती खोळींची पाटी घेऊन दरबारात उभी राहिली. मागे सुभानजी हात जोडून होता. पिस्तुलं कुठे आहेत, असं राजांनी दरडावून विचारलं.

“आणायच्या आधी एक इचारायचं व्हतं, सरकार. करंजखिंडीत थोरल्या सरकारांचे स्वार लढले का न लढताच पडले?”

राजे लालबुंद झाले. स्वार लढले, प्रत्येक जण हत्यार हातात घेऊनच पडला, हे तांबडघाटातलं शेंबडं पोरही सांगेल, असं ते गरजले.

“मग हत्यारं त्यांच्या हातात, खिंडीतच ऱ्हायली,” भिवरा म्हणाली. “घोडी घरी आली ती रिकाम्या खोळी घिऊन. आता मामंजींनी कुठनं तरी पिस्तुलं आणून ह्यात भरली, तर साहेब काय म्हणंल? म्हणंल, घोडी भरल्या खोळींनी परतली, म्हंजी हत्यार कुणी उपसलंच न्हाई. सरकारांचा हुकूम असंल तर शोधतो आम्ही. पर साहेबाला काय सांगायचं, ते सरकारांनी ठरवावं.”

सकाळपासून साहेबापुढे काय बोलायचं याची राजांनी तालीम केली होती, तीत हा प्रश्न कुठेच नव्हता. त्यांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाण छताकडे पाहू लागले.

मेव्हण्याची जागा हातची जाते आहे हे हैबतरावांच्या ध्यानात आलं. ते तरातरा पुढे झाले. बाईच्या बोलण्याला भुलू नये, खरा शिपाई सरकारी हत्यार जिवापाड जपतो, असं म्हणत त्यांनी कमरेच्या खोळीवर थाप मारली.

“हे पाहा! आमच्या आजोबांना फौजेतून मिळालं, वडिलांनी बाळगलं, आता माझ्या कमरेला आहे. तीन पिढ्यांत एकदा तरी खोळीबाहेर आलंय का?”

आपण काय बोललो हे दरबारात फक्त हैबतरावांनाच कळलं नव्हतं.

भिवराने पदर सावरला.

“सरकारांना भरलेलीच खोळ पायजे असंल,” ती हळूच म्हणाली, “तर ही हाय की.”

पहिल्यांदा राजवैद्य खोकले. मग राजांच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि ते असे हसत सुटले की हुजऱ्याला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं. राजे हसले म्हटल्यावर दरबारही हसला. हैबतरावही हसले, कारण न हसणं बरं दिसलं नसतं.

डोळे पुसून राजांनी हातातलं सोन्याचं कडं उतरवलं आणि भिवराला दिलं. सुभानजीची चाकरी आणि घर त्याच्या घराण्याला कायमचं लावून दिलं आणि उद्याच्या शस्त्रपूजेत या रिकाम्या खोळी सगळ्यांच्या वर मांडाव्यात, असा हुकूम सोडला. मग सेनापतींचं पिस्तूल कुठे मांडायचं, असं दिवाणांनी अदबीने विचारलं, तेव्हा राजांना पुन्हा हसू फुटलं आणि त्या दिवशीचा दरबार तिथेच उठला.