शंभर पावलांची अट

एका कसब्यात हैबती नावाचा तांबट राहत होता. हंडे, घागरी, पातेली ठोकण्यात त्याची उमर गेली. हाताला त्याच्या तोड नव्हती, पण त्या रोजच्या ठणठणाटाने कान मात्र गेले. डावा तर पार बसला होता. उजव्यात थोडी धुगधुगी होती. वैद्याने बजावून सांगितलं, हातोडा आणखी वर्षभर चालवलास तर बायकोचा आवाजसुद्धा विसर. त्याची बायको सगुणा दळता दळता गुणगुणायची आणि हैबती ते ऐकत भिंतीला टेकून बसायचा. दिवसभरात तेवढंच काय ते त्याचं सुख होतं.

त्या राज्यात भांग विकायला पुष्कळ वर्षं बंदी होती. पुढे औषधालाही पान मिळेना, तेव्हा वैद्यमंडळी राजाकडे रडत गेली. राजाने ठरवलं, प्रत्येक कसब्यात भांगेचं एक दुकान असावं. एकच, आणि तेही सरकारी परवान्याने. हैबतीने हे ऐकलं आणि लगोलग अर्ज केला. बसल्या जागी पानं तोलून द्यायची, ठोकायचं काही नाही. त्याच्यासारख्याला याहून शांत धंदा कुठला मिळणार होता? अर्ज देऊन आला तो थेट डोंगरावरच्या भैरोबाला गेला. परवाना मिळाला तर तुझं देऊळ माझ्या दुकानाच्या दारात बांधीन, असा नवस बोलला.

महिन्याभराने कचेरीतून कागद आला. परवाना मंजूर झाला होता, पण कच्चा. वर्षभरात अटी पुऱ्या करायच्या होत्या. कोठार दगडी हवं. त्याला दोन कुलपं हवीत, एकाची किल्ली सरकारात राहील. आवाराची भिंत दीड पुरुष उंच हवी. दुकानापासून शंभर पावलांच्या आत देऊळ किंवा पाठशाळा असता कामा नये. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तपासनीस येऊन पाहील आणि सगळं ठीक असेल तर जागेवर पक्का परवाना देईल. तोवर एक पानही विकायचं नाही.

आता गावाचं कसं असतं, कागदातला 'मंजूर' एवढा शब्द सगळ्यांनी ऐकला आणि पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक हैबतीला दुकानदार म्हणायला लागले. पाणवठ्यावर बाया सगुणेला वाट करून देऊ लागल्या. चार दिवस असे गेले की भला माणूसही हुरळतो. हैबती हुरळला.

पण कामात त्याने कसूर केली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्याने जागा घेतली. मारुतीच्या देवळापासून स्वतः पावलं टाकली, ती एकशे चाळीस भरली. पाठशाळा तर गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. ऐरण, हातोडे, भाता, सगळं विकून त्याने कोठार उभं केलं. दहावा महिना लागला तेव्हा भिंत, कुलपं, तराजू, सगळं जिथल्या तिथे होतं. आता फक्त तपासनिसाची वाट पाहायची होती.

आणि नेमकं हे वाट पाहणंच त्याला जमलं नाही. त्याला नवस खुपू लागला. देवाने परवाना दिला आणि आपण मात्र हात आखडून बसलोय, देव कोपला म्हणजे? सगुणा म्हणाली, पक्का कागद येऊ दे, दोन महिन्यांनी देव कुठे पळून चाललाय? पण हैबतीला आता कोण सांगणार? त्याने रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या अगदी समोर, छोटंसं देऊळ बांधलं. दुसऱ्याची ऐरण मागून आणली आणि भैरोबाचा तांब्याचा मुखवटा स्वतः घडवला. गुरवाला बोलावून देवाची स्थापना केली, गावाला जेवण घातलं. लोक वाहवा करत जेवले. जेवणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात ती अट आली नाही.

हैबतीच्या डोक्यात तरी का आली नसावी? मारुतीपर्यंत पावलं मोजणारा माणूस तो! पण मारुती गावाचा होता आणि हा भैरोबा त्याचा स्वतःचा, नवसाचा. आपल्या नवसाचं देऊळही सरकारच्या लेखी देऊळच, हे त्याच्या गावीही नव्हतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी तपासनीस अंताजीपंत आले. माणूस सज्जन होता. त्यांनी आधी भैरोबाला हात जोडले, मग कोठार पाहिलं, भिंत मापली, कुलपं उघडून लावून पाहिली. पसंतीची मान डोलावली. शेवटी दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहिले आणि पावलं टाकत रस्त्याकडे चालू लागले. तेविसाव्या पावलाला देऊळ आलं. ते तिथेच थांबले.

"हैबती, हे देऊळ कधीचं?"

हैबतीने सांगितलं. सांगता सांगताच त्याला शंभर पावलांची अट आठवली.

अंताजीपंतांनाही वाईट वाटलं. ते म्हणाले, "सूर्य मावळेपर्यंत मी चावडीवर आहे. देव हलव, मी शिक्का मारतो. उद्या माझ्या हातात काही नाही."

हैबती गुरवाकडे धावला. गुरवाने मान हलवली. बसलेला देव उठवायचा तर गावाचा कौल हवा, मुहूर्त हवा, तो महिनाभर नव्हता. मग हैबतीने पहार उचलली आणि देवळापुढे येऊन उभा राहिला. गाव जमला होता. कुणी तरी अडवील, शिव्या घालील, हात धरील, असं त्याला वाटलं. कुणी हललं नाही. सगळे नुसते बघत राहिले. त्याने पहार वर केली. समोर त्याच्याच हातचा मुखवटा होता, भुवया कोरायला त्याला तीन दिवस लागले होते. पहार तशीच खाली आली आणि तो मातीत बसून हमसून हमसून रडला. सूर्य मावळला. अंताजीपंत घोड्यावर बसून गेले. पुढच्या महिन्यात तो परवाना दुसऱ्या कुणाला तरी मिळाला.

पोट कुणाला सुटलंय? हैबती दुसऱ्याच्या कारखान्यात रोजाने घागरी ठोकू लागला. वर्षाच्या आत त्याचा उजवा कानही गेला. त्या भैरोबाला मात्र गाव भजू लागला, जागृत देव म्हणून लांबलांबून लोक येऊ लागले.

एका रविवारी सगुणा त्याला देवळात घेऊन गेली. दिवा लावून तिने खुणेनेच विचारलं, काही मागायचंय का?

हैबतीने मुखवट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको. त्याने अर्धं दिलं की आपल्याला पुरं मिळाल्यासारखं वाटतं."

तात्पर्य: अटी घालून दिलेला होकार म्हणजे होकार नव्हे. काम तडीस जाण्याआधीच जो त्याचा आनंद साजरा करतो, तो कित्येकदा आपल्याच हाताने ते काम बुडवतो. आणि मग दोष द्यायलाही त्याला दुसरं कुणी सापडत नाही.