वळणावरचा डहाळा

फार मागची गोष्ट. त्या दिवशी थंडी कडक होती. धुकं दरीत म्हशीसारखं बसून होतं, उठायचं नाव घेत नव्हतं. रस्ता दवानं ओला होता, आणि सूर्य नुसता पांढऱ्या ताटलीसारखा दिसत होता.

डोंगरातल्या त्या गावात वर्षातून एकदा फटफट्यांची शर्यत व्हायची. शर्यत म्हणजे काय, घरचीच. रोज जिच्यावर दुधाचे कॅन, मडकी नाहीतर फळ्या वाहायच्या, तीच फटफटी त्या दिवशी धुऊनपुसून आणायची. घाट चढायचा, पलीकडच्या देवळात गुरवाकडून कपाळाला अंगारा लावून घ्यायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं. सगळ्यांत कमी वेळात येईल त्याला गावची आत्याबाई आपल्या हातानं फेटा बांधायची.

नियम थोडेच होते. डोक्याला टोप घातल्याशिवाय कुणी बसायचं नाही. एकाचा आवाज वळणापलीकडे विरला की मगच दुसऱ्याला सोडायचं. आणि वाटेत खड्डा, दरड, सांडलेलं तेल, काही दिसलं तर उतरायचं, झाडाचा डहाळा मोडायचा आणि मागून येणाऱ्याला दिसेल असा रस्त्यावर टाकायचा. त्यात वेळ जायचा. तो जाऊ द्यायचा.

त्या साली तिघंच उभे राहिले. बाकीच्यांना थंडीनं अंथरुणातच ठेवलं. पुढे म्हातारा कुंभार, मधे गवळी, शेवटी सुतार.

गवळ्याची फटफटी चांगली होती, हातही चांगला होता. पण फेटा दरवर्षी शेजारच्या सुताराला मिळायचा. सुतार तो ओटीवरच्या खुंटीला टांगायचा. गवळी सकाळी धार काढायला निघाला की त्याला फेटा आधी दिसायचा, म्हैस नंतर.

"गवळीदादा, आज तरी पुढं जा," सुतार हसून म्हणाला. "माझ्या खुंटीवर जागा उरली नाही."

"सुतारच तू. अजून एक खुंटी ठोक," गवळी म्हणाला. तोही हसला, पण ओठांनीच.

कुंभार गेला. त्याचा आवाज विरला, मग गवळी सुटला.

अर्ध्या घाटात एका वळणाआधी रस्त्यावर निरगुडीचा हिरवा डहाळा पडलेला होता. गवळ्यानं वेग कमी केला. पुढे रस्त्याची कड खचली होती. तो डोंगराच्या भिंतीच्या बाजूनं जपून पार झाला. मग थांबला. मागे वळून आला आणि पायानं डहाळा दरीत ढकलून दिला.

दगडावर टिटवी बसली होती. ती म्हणाली, "दादा, खूण का काढलीस?"

"वाऱ्यानं गेली म्हण," गवळी म्हणाला. "खड्डा काही मी केला नाही."

"वारा कुठं आहे?" टिटवी म्हणाली. गवळ्यानं फटफटी पुढं दामटली.

देवळात कुंभार कपाळाला अंगारा लावून विहिरीवर निवांत पाणी पीत बसला होता. "डहाळा दिसला ना रे?" त्यानं विचारलं. "चांगला मोठा मोडला होता."

"दिसला," गवळी म्हणाला. त्यानं अंगारा लावला आणि कुंभाराच्या आधीच परत निघाला.

आता धुकं दरीतून वर आलं होतं. वळणामागून वळण येई, आणि सगळी वळणं सारखीच दिसत. कड कुठल्या वळणावर खचली होती? गवळ्याला काही आठवेना. खूण तर त्यानंच टाकून दिली होती. शिवाय समोरून सुताराच्या फटफटीचा आवाज यायला हवा होता, तो येत नव्हता.

इतक्यात पुढच्या चाकाखाली पानं करकरली. रस्त्यावर ताजा डहाळा होता. गवळ्यानं ब्रेक दाबला आणि तो खचलेल्या कडेच्या हातभर अलीकडे थांबला.

भिंतीला टेकून सुतार बसला होता. टोप फुटला होता, डोकं शाबूत होतं. गुडघा मात्र सोलून निघाला होता.

"हळू, दादा," तो म्हणाला. "मी पडलो. म्हटलं, तुम्ही येताना पडायला नको. सरपटत जाऊन दोन्हीकडं डहाळे टाकले. कुंभाराला धुक्यात कड खचलेली दिसली नसेल. म्हातारा झालाय बिचारा."

गवळी खाली उतरला. त्यानं सुताराला उचलून आपल्या मागे बसवलं आणि गावात आणलं.

लोक जमले. "शर्यत सोडून शेजारी आणला, फेटा गवळ्यालाच," कुणी म्हणालं. "आणि त्या कुंभाराला पुन्हा उभा करू नका," दुसरा म्हणाला. "साधा डहाळा टाकता येत नाही."

आत्याबाईनं फेटा उलगडला. पहिला वेढा गवळ्याच्या कपाळाला लागला, तसा त्यानं तिचा हात धरला.

"आत्याबाई, थांबा. कुंभारानं डहाळा टाकला होता. मी तो दरीत ढकलला."

"का रे?"

"मागं सुतार होता म्हणून."

सुतारानं मान खाली घातली. तेवढ्यात फट... फट... करत कुंभार आला. उतरता उतरता म्हणाला, "मी डहाळा एक टाकला, त्याचे दोन कसे झाले?"

आत्याबाईनं फेटा त्याच्या डोक्याला बांधला.

"अगं, मी शेवटी आलो," कुंभार म्हणाला.

"पण पहिला थांबलास," आत्याबाई म्हणाली. मग गवळ्याकडे वळली. "उद्या ती कड तू भरायचीस. पुढल्या साली शर्यतीत बसायचं नाहीस. आदल्या दिवशी पायी घाट चालायचास आणि वाट पाहून यायचीस."

गवळ्यानं मान डोलावली, आणि पुढे तसंच केलं.

म्हणून सांगतो, मागून येणाऱ्याची खूण पुसणारा आधी आपलीच वाट हरवतो.

त्या दिवशी सुताराची फटफटी मोडली होती, आणि घरं दोघांची शेजारी शेजारी. गवळी फटफटी घेऊन त्याच्यापुढे खालमानेनं उभा राहिला. सुतारानं एकदा त्याच्याकडं, एकदा आपल्या गुडघ्याकडं पाहिलं. मग लंगडत आला, गवळ्याच्या मागे बसला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हळू चालव, दादा. मागं मी आहे."