टिकली आत्या आणि फुस्स झालेलं चाक

एवढीशी होती एक उंदरी. नाव तिचं टिकली. आज टिकलीच्या भावाच्या बाळाचं बारसं होतं. भाऊ राहायचा घाटात, चहाच्या टपरीत. बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या! आत्या कोण? टिकली!

टिकलीने वहिनीसाठी आळिवाचा लाडू घेतला. केवढा लाडू? वाटाण्याएवढा.

टिकली राहायची शर्वाताईच्या घरात. ताई निघाली होती घाटात, शर्यतीच्या सायकलवरून. सीटखाली छोटी पिशवी. टिकली पिशवीत बसली. सायकल निघाली, सुर्रर्र!

फाटकाशीच बाभळीचा काटा लागला. फुस्सस्स! हवा गेली. चाक बसलं. शर्वाताईसुद्धा घराच्या पायरीवर मटकन बसली.

"अगं बाई!" टिकली म्हणाली. "आत्या नाही, तर नाव नाही!"

तुरु तुरु तुरु, टिकली पंपाकडे गेली.

"पंपदादा, पंपदादा, हवा भर!
चाक काही फिरेना,
बाळाला नाव मिळेना!"

पंपदादा म्हणाला, "नाही म्हणत नाही गं! पण भोकातून हवा पळते. ठिगळमावशी भोक बुजवेल, तर मी हवा भरेन."

तुरु तुरु तुरु, टिकली ठिगळाकडे गेली.

"ठिगळमावशी, ठिगळमावशी, भोक बुजव!
पंप हवा भरेना,
चाक काही फिरेना,
बाळाला नाव मिळेना!"

ठिगळमावशी म्हणाली, "नाही म्हणत नाही गं! पण भोक आहे ट्यूबला. ट्यूब आहे टायरच्या पोटात. शर्यतीचा टायर ना, पोट आहे शिवलेलं! दोरूभाऊ टाके उसवेल, तर मी भोक बुजवेन."

तुरु तुरु तुरु, टिकली दोऱ्याकडे गेली.

"दोरूभाऊ, दोरूभाऊ, टाके उसव!
ठिगळ भोक बुजवेना,
पंप हवा भरेना,
चाक काही फिरेना,
बाळाला नाव मिळेना!"

दोरूभाऊ म्हणाला, "नाही म्हणत नाही गं! पण टायर चाकाला चिकटलाय. टाके त्याच्याखाली दडलेत. गोंदोबा टायर सोडेल, तर मी टाके उसवेन."

तुरु तुरु तुरु, टिकली गोंदाकडे गेली.

"गोंदोबा, गोंदोबा, टायर सोड!
दोरा टाके उसवेना,
ठिगळ भोक बुजवेना,
पंप हवा भरेना,
चाक काही फिरेना,
बाळाला नाव मिळेना!"

गोंदोबा म्हणाला, "नाही म्हणत नाही गं! पण माझी पकड लई घट्ट. शर्वाताई अंगठ्यांनी जोर लावेल, तर मी टायर सोडेन."

तुरु तुरु तुरु, टिकली पायरीवर गेली.

"शर्वाताई, शर्वाताई, जोर लाव!
गोंद टायर सोडेना,
दोरा टाके उसवेना,
ठिगळ भोक बुजवेना,
पंप हवा भरेना,
चाक काही फिरेना,
बाळाला नाव मिळेना!"

शर्वाताई म्हणाली, "नाही म्हणत नाही गं! पण पोटात कावळे ओरडतायत. खाऊ मिळेल, तर मी जोर लावेन."

खाऊ? टिकलीकडे एकच लाडू. तोही वहिनीचा! टिकलीने लाडवाकडे पाहिलं. मग घाटाकडे पाहिलं.

"घे ताई," ती म्हणाली. "लाडू पुन्हा वळता येईल. बारसं कुठे थांबतंय?"

ताईने लाडू तोंडात टाकला. गट्टम! "एवढुस्सा लाडू!" ताई खो खो हसली. हसता हसता उठली.

ताईने अंगठ्यांनी जोर लावला. हुंऽ हुंऽ!
गोंदोबाने टायर सोडला. चर्रर्र!
दोरूभाऊने टाके उसवले. टच टच टच!
ट्यूब बाहेर डोकावली. ठिगळमावशीने भोक बुजवलं. टप्प!

दोरूभाऊने पोट पुन्हा शिवलं. सुळुक सुळुक! गोंदोबा चाकावर पसरला, टायरवर पसरला.

"झालं? चला!" टिकली म्हणाली.

"थांब गं! मला वाळू दे!" गोंदोबा म्हणाला.

टिकलीने शेपटीने वारा घातला. झुप झुप झुप. "वाळलास का?"

"नाही."

झुप झुप झुप. "वाळलास का?"

"नाही."

झुप झुप झुप झुप झुप! "आता?"

"आता वाळलो!"

ताईने टायर ओढून ओढून चाकावर चढवला. गोंदोबाने गच्च धरला. पंपदादाने हवा भरली. भुस्स भुस्स भुस्स! टायर झाला टम्म!

सुर्रर्र! सायकल घाटात गेली. एक वळण आलं. गोंदोबाने सोडलं नाही. दुसरं वळण आलं. गोंदोबाने सोडलं नाही. आली टपरी!

पाळण्याभोवती सगळे खोळंबले होते. "आली, आली, आत्या आली!"

टिकली बाळाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्रर्र... वेलची!"

आणि आत्याच्या पाठीत धप! धप! धप! भावाने घातला एक. वहिनीने घातला एक. शर्वाताईने घातला एक, अगदी करंगळीने!

आत्याचा मानच तो! टिकली हसली, खी खी खी.

पाळणा हलला. वेलची झोपली गुडूप. गोष्टही झोपली गुडूप!