भरलेली जहाजं

साथ ओसरली, तसे शेअरचे सल्लागार निरगुडकर पुण्याहून खास वेंगुर्ल्याला आले. हॉल भरला होता. पडद्यावरच्या चढत्या रेषेकडे बोट दाखवत ते म्हणाले, "लोक पुन्हा फिरायला लागलेत. क्रूझची जहाजं खचाखच भरून निघतायत. आज शेअर घ्या, वर्षात दुप्पट." कुणी शंका काढली, की ते आधी त्याचं शिक्षण विचारत.

बस्त्याव रॉड्रिग्जनं वीस वर्षं क्रूझवर स्वयंपाक केला होता. दोन वर्षं तो घरीच होता. जहाजं निघालीत आणि आपल्यालाच तेवढं बोलावलेलं नाही, असं त्यालाही क्षणभर वाटलं. पण शेजारी बसलेले जहाजावरचे सोबतीच चेक लिहायला लागले, तसा तो उठला.

"शिक्षण सातवी," त्यानं आधीच सांगून टाकलं. "साहेब, त्या भरलेल्या जहाजांवर जेवण कोण वाढतंय? आमच्या तालुक्यातले एकतीस वेटर आणि सहा कुक तर इथे तुमची भजी खात बसलेत. प्रवासी घेण्याआधी महिनाभर कंपनी आम्हाला बोलावते. अजून एकाचाही फोन वाजलेला नाही."

एकेका पेनाला टोपण लागलं.

निघताना निरगुडकरांनी बस्त्यावला दाराशी गाठलं आणि हळूच आपलं कार्ड त्याच्या हातात दिलं.

"तुम्हाला बोलावणं आलं, की आधी मला कळवा."