ठकूआत्याची खोळ

माळटेंभीला सडक आली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांनी आपल्या लेकीसुनांना सांगितलं, त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि आता तुम्ही ऐका.

माळटेंभी म्हणजे उघडा माळ. झाड नाही, डोंगराचा आडोसा नाही. चैत्र लागला की वारा सुटायचा आणि पिठासारखी बारीक धूळ घराघरात शिरायची. भाकरीत धूळ, अंथरुणात धूळ. त्या गावात कोंडिबा नावाचा शिंपी होता, आणि ठकू त्याची बायको. गावातलं पहिलं शिलाई मशीन कोंडिबानं बैलगाडीतून आणलं आणि शेजारी बसवून ठकूला चालवायला शिकवलं. त्यांचा संसार झाला चार वर्षांचा. मग कोंडिबा तापानं गेला. मागे राहिलं मशीन, आणि त्याचा लाल पटका, सोळा हात लांब.

मशीनच्या तेलात धूळ बसली की तिचा चिखल होतो, चाक आवळतं आणि सुई तुटते. ठकूचं पोट त्या मशीनवर होतं. म्हणून तिनं एक दिवस पटका उलगडला. वितीनं मशीन मोजलं. पटक्याच्या चार घड्या एकावर एक घालून पुढचा तुकडा बेतला, मागचा बेतला, चाकाच्या बाजूला उभार ठेवला, खाली नाड्या लावल्या आणि दुहेरी शिवण घालून खोळ शिवली.

शेजारीण म्हणाली, "नवऱ्याचा पटका कापलास? हात कसा धजला तुझा?"

"पेटीत ठेवला असता तर कसरीनं खाल्ला असता," ठकू म्हणाली. "इथं रोज हात तरी लागेल."

त्या खोळीखाली धुळीचा कण जात नसे. रोज दिवे लागले की ठकू सुई खाली करायची, चाकावरून हात फिरवायची आणि मूल निजवावं तशी खोळ घालायची. खोळ घातल्यावर मशीन श्वास घ्यायचं, कान लावला तर ऐकू यायचं, असं म्हणतात.

पुढं गावात आणखी सात मशीनं आली. सातही घरच्या बाया खोळीसाठी ठकूकडे आल्या. तोवर ती सगळ्यांची आत्या झाली होती. ती नवं कापड घ्यायची नाही. म्हणायची, "घरातल्या कुणाच्या तरी अंगावरचं आण. ज्याची आठवण येते त्याचं आण." कुणी आईचं लुगडं आणलं, कुणी सासऱ्याचं धोतर. एकीनं तर गेलेल्या लेकीची दोन परकर-पोलकी आणली आणि दारातच बसून राहिली. आत्यानं तिला आत नेलं. दोघींनी मिळून ती खोळ शिवली.

मग ते साल आलं. माळावर दगड फोडणाऱ्यांची पालं पडली होती. त्यातल्या सुंद्रा नावाच्या बाईला सकाळी मुलगी झाली आणि भर दुपारी आभाळ तांबडं झालं. असं धुळीचं वादळ पुन्हा कुणी पाहिलं नाही. पालं कागदासारखी उडाली. सुंद्रा ओली बाळंतीण, लेकराला पोटाशी धरून चालत निघाली. माळाला लागून पहिलं घर ठकूआत्याचं.

आत्यानं दार लावलं, फटीत चिंध्या कोंबल्या. पण कौलांतून धूळ नुसती ओतत होती. लेकराला धाप लागली. ओठ काळेनिळे पडायला लागले. आत्यानं लुगडं झटकलं, त्यातून धूळ. गोधडी उचलली, तिच्यातूनही धूळ. धूळ आत न सोडणारं असं घरात एकच कापड होतं.

आत्या मशीनपाशी गेली आणि नाड्या सोडायला लागली.

सुंद्रानं तिचा हात धरला. "आत्या, नका. मशीन जाईल तुमचं."

"जाईल," आत्या म्हणाली. "तू तिचे ओठ ओले कर."

तिनं खोळीची शिवण उसवली, कापड पसरलं, आणि मायलेकींच्या अंगावर दोन्ही हातांनी उचलून धरलं. वारा थांबला दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर. तोवर आत्यानं हात खाली घेतले नाहीत, असं म्हणतात. धूळ त्या लाल कापडाच्या काठापर्यंत यायची आणि तिथून वळून जायची, असंही म्हणतात. मी सांगते ते ऐकीव आहे, पण सुंद्रानं ते सगळ्यांना शपथ घेऊन सांगितलं होतं.

कापड बाजूला केलं तर लेकरू झोपलेलं. पापणीवर कण नाही.

आणि मशीनवर वीतभर धूळ. सातही घरच्या बाया आल्या, रॉकेलनं एकेक भाग धुतला, पण चाक काही फिरलं नाही. आत्या त्याच्यापाशी बसली, चाकावरून हात फिरवला. मग नवऱ्याशी बोलावं तशी हलकेच म्हणाली, "रागवू नका. लेकरू जगलं."

दगडांचं काम संपलं, पालं उठली. निघताना आत्यानं ते लाल कापड सुंद्राच्या खांद्यावर टाकलं. सुंद्रा नको म्हणत राहिली. आत्या म्हणाली, "लेकीच्या अंगावरचं आहे ते आता. माझं कसं?" ती माणसं कुठं गेली ते कुणाला कळलं नाही.

त्यानंतर आत्या हातानं खोळी शिवायची. डोळे गेले तरी बोटांनी चाचपून शिवायची. ती गेली त्या सकाळी गावातल्या सातही मशीनांची चाकं खोळीच्या आत एकेकदा फिरली आणि थांबली, असं म्हणतात.

आता माळटेंभीत घरोघरी वीज आहे, मशीनंही विजेवर चालतात. पण कुणाच्या घरी बाळ झालं की पहिलं काम एकच. मशीनची खोळ काढायची, स्वच्छ धुवायची आणि बाळावर घालायची. "ठकूआत्याची सावली" म्हणतात तिला. त्या दिवशी घरात शिवण बंद असते आणि मशीन उघडं राहतं. त्यावर जी धूळ बसते ती दुसऱ्या दिवशी बाळाच्या बापानं पुसायची. फडकं घ्यायचं नाही. तळहातानं पुसायची, सावकाश.