डाव्या हातातला नारळ

घाट चढून वर आलं ना, की खिंडीत एक बुटकं देऊळ लागतं. त्याच्या ओट्यावर नारळच नारळ! अख्खे! काही पार वाळलेले, काहींना चक्क कोंब आलेले. आमच्या मिहीरने आपला नारळ आपटायला हात उचलला, तर तिथले म्हातारे गुरव, केरबाआबा, ओरडलेच. "ए शहाण्या, ठेव खाली!" मग पायरीवर बसवून त्यांनी सगळं सांगितलं.

फार पूर्वी, म्हणे, घाटावर एक राजा होता आणि खाली बंदरावर दुसरा. खालून मीठ वर यायचं, वरून धान्य खाली जायचं. खिंडीतली जकात कुणी घ्यायची यावरून दोघं एकमेकांवर टपलेले. फक्त निमित्त मिळत नव्हतं. जत्रा मात्र दोघांची एकच, याच देवळाची. गुरवाने फोडायचा पहिला नारळ एका साली वरच्यांचा, पुढच्या साली खालच्यांचा. मग एकदा पटकीची साथ आली, जत्राच भरली नाही. पुढच्या साली दोन्हीकडचे सरदार नारळ घेऊन हजर!

वरचे म्हणाले, "हुकलेली पाळी आमची होती. ती आधी द्या."

खालचे म्हणाले, "हुकली ती हुकली. यंदाचं साल आमचं."

तेव्हाचा गुरव सिदू. त्याचा पोरगा वरच्या फौजेत, जावई खालच्या. पेटलं तर आपलं काय जाणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने दोन हातांत दोन नारळ घेतले आणि एकदमच आपटले. दोन्ही फुटले! लोक खूश. "वा रे सिद्या!"

तेवढ्यात खालचा सरदार म्हणाला, "आमचा मान डाव्या हातात?"

एवढंच झालं.

"अहो, पण एक कुणाचातरी डाव्यात येणारच ना!" मिहीर म्हणाला.

"सिदूबी तेच म्हणाला आसंल," आबा म्हणाले. "ऐकाया कोण थांबलं व्हतं?"

युद्ध कित्येक वर्षं चाललं म्हणे. खिंड बंद. वर लोक अळणी खायचे, खाली पोरं उपाशी झोपायची. सिदूचा पोरगा इथेच पडला. जावईही इथेच. कुणी कुणाला मारलं ते कुणी सांगत नाही. दोन्हीकडे लढायला माणसं उरली नाहीत, तेव्हा थांबलं. कोण जिंकलं, असं मी विचारलं. आबांना माहीत नव्हतं. राजांची नावंही माहीत नव्हती.

त्यानंतरच्या जत्रेला सिदूची सून घरातून आली आणि लेक खालून चढून आली. दोघींच्या हातात एकेक नारळ. सिदूचे हात काही पुढे येईनात. कुणी रडलं नाही, असं सांगतात. मग दोघींनी नारळ तसेच ओट्यावर ठेवले.

सून म्हणाली, "वन्सं, घरी चला. भाकरी टाकते. अळणीच हाय."

लेक म्हणाली, "मीठ आणलंय मी."

आजही इथल्या जत्रेत गुरव हात पाठीमागे धरून उभा असतो. ज्याचा नारळ त्याने ठेवायचा आणि पायरी उतरायची. आधी कोण आलं, ते कुणी विचारत नाही.